वर्तुळात संगीत कुठवर यावं?

ताई, नमस्कार. मी विक्काच्या, म्हणजे जादूविधी मानणाऱ्या आधुनिक पेगन (निसर्गपूजक) धर्माच्या, वाटेने चालणारी, आजवर एकटीच विधी करणारी. वर्तुळ आखलं, मेणबत्त्या लावल्या की फोनवर ‘पेगन’ किंवा ‘विच’ असं काहीतरी टाकून जी प्लेलिस्ट सापडेल ती लावून देते. कधी छान तंद्री लागते, तर कधी ऐन आवाहनात एखादं गाणं असं उसळतं की मलाच माझे शब्द आठवत नाहीत. यंदा साउइनला, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या मृतांच्या सणाला, आम्ही काही मैत्रिणी पहिल्यांदाच एकत्र विधी करणार आहोत आणि संगीताचं काम माझ्याकडे आलंय. एकीला वार्डरूना या गटासारखं ढोल आणि शिंगं असलेलं नॉर्डिक संगीत हवंय. दुसरी म्हणते, ५२८ हर्ट्झचं लावलं नाही तर ऊर्जा जुळणारच नाही. तिसरीला कसलाच आवाज नको. रेकॉर्ड केलेलं संगीत लावणं ही पळवाट आहे का? कोणत्या स्पेलला, म्हणजे मंत्रविधीला, कोणतं संगीत चालतं? आणि एरवी रात्री, घरातले झोपलेले असताना, मी एकटीने काय करावं?
– वर्तुळातली एकटी

प्रिय मैत्रिणी,

प्लेलिस्ट शोधायला बसण्याआधी एक कागद घे आणि तुझ्या विधीचा क्रम त्यावर उतरव. जागा शुद्ध करणं, वर्तुळ आखणं, चार दिशांना बोलावणं, देवीदेवतांचं आवाहन, मग मुख्य काम, त्यानंतरचं खाणंपिणं, निरोप, वर्तुळ मोकळं करणं. प्रत्येक पायरीसमोर दोनच गोष्टी लिही: त्या वेळी शरीर काय करत असेल आणि लक्ष कुठे हवं. तू चालत असशील, वाचत असशील, डोळे मिटून बसली असशील की नाचत असशील? तुझी अडचण कुठे आहे ते तुला त्या कागदावरच दिसेल. तू संगीत निवडतेस ते त्याच्या नावावरून आणि चित्रावरून. चंद्र, हरणाची शिंगं आणि धुकं दिसलं म्हणून ते संगीत तुझ्या आवाहनाच्या वेळी गप्प राहील, असं थोडंच आहे?

माझं मत आधीच सांगून टाकते. संगीताने तुला विधीपर्यंत आणून सोडावं आणि काम संपल्यावर परत न्यायला यावं. मधला गाभा तुझ्या आवाजाचा, तुझ्या हातांचा किंवा शांततेचा आहे. विक्काबद्दल १९५४ मध्ये उघडपणे पुस्तक लिहिणारे जेराल्ड गार्डनर यांच्या परंपरेत शक्ती जागवण्याचे आठ मार्ग सांगितले आहेत. त्यात ध्यान आहे, तंद्री आहे, मंत्रोच्चार आहे, नृत्य आहे, पार्श्वसंगीत नाही. म्हणून ते निषिद्ध ठरतं असं नव्हे. पण शक्ती जागवणारी ती माणसं आहेत आणि संगीत त्यांच्या मदतीला आहे, हा क्रम उलटा झाला की नेमकं तुझ्यासारखं होतं: गाणं उसळतं आणि आवाहन करणारी मागे पडते.

सुरुवातीच्या तयारीला संगीत जरूर लाव. अंघोळ, झाडलोट, वेदी मांडणं, धूप पेटवणं यात मन अजून दिवसभराच्या कामांत अडकलेलं असतं. इथे मला एकाच गोष्टीचा आग्रह धरावासा वाटतो: दर वेळी तेच संगीत. आणखी गूढ, आणखी अस्सल असं नवीन काहीतरी शोधत राहण्याचा मोह फार होतो, तो आवर. एखादी साधी, संथ, शब्द नसलेली रचना निवड आणि ती विधीच्या तयारीखेरीज कधीही ऐकू नकोस. काही महिन्यांनी तिचे पहिले सूर कानावर पडताच खांदे आपोआप सैल होतील आणि श्वास खोल जाईल. मेंदू अशा जोड्या सहज लावतो आणि विधीचा निम्मा आधार या सवयीवरच असतो. तीच रचना स्वयंपाक करताना किंवा प्रवासातही ऐकलीस, तर ही जोडी सुटत जाते.

वेदी मांडून झाली की ते संगीत हळूहळू कमी करत पूर्ण बंद कर आणि वर्तुळ आखण्याआधी थोडा वेळ काहीही न वाजवता उभी राहा. ही मधली जागा मला विधीतली फार मोलाची जागा वाटते. लुचानो बेर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकताना माणसाच्या हृदयावर आणि श्वासावर काय परिणाम होतो, हे ते पाहत होते. जलद लयीबरोबर श्वास आणि नाडी वाढत गेली, हे अपेक्षितच होतं. पण संगीताच्या मध्ये सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत नाडी आणि रक्तदाब संगीत सुरू होण्यापूर्वीपेक्षाही खाली आले. अभ्यास लहान होता, चोवीस जणांचा, आणि त्याचा विधींशी संबंध नव्हता. तरी त्यातून एक धागा हाती येतो: संगीतानंतरची शांतता ही संगीताआधीच्या शांततेसारखी नसते. ती वापर.

चार दिशांच्या वेळी तू बोलतेस, त्यामुळे तिथे शब्द असलेलं काहीही नको. तुला समजणाऱ्या भाषेतले शब्द कानावर पडत असतील तर मेंदू ते ऐकतोच, तू कितीही दुर्लक्ष कर, आणि तुझे पाठ केलेले शब्द त्यांच्याशी भांडत राहतात. अगदी काही हवंच असेल तर एकच सूर धरून राहिलेला ध्वनी पुरे. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक दिशेला छोट्या घंटीचा एक टोल द्यावा, तो पूर्ण विरेपर्यंत थांबावं आणि मग बोलावं.

आता मुख्य काम. शक्ती जागवून तिचा शंकू उभा करायचा आणि टोक गाठताच सोडून द्यायची, अशी पद्धत तुमच्या गटात असेल तर तिथे रेकॉर्डिंग लावू नका. कारण अगदी व्यावहारिक आहे. रेकॉर्डिंगची लांबी आधीच ठरलेली असते. गट अजून अर्ध्या वाटेवर असताना ते कळसाला पोचेल, नाहीतर तुम्ही शिखरावर असताना ते मधल्या संथ भागात शिरेल. डफ हातात असलेली मैत्रीण मात्र बाकीच्यांचे चेहरे बघत असते. कोणाचे पाय अडखळताहेत, कोणाचा आवाज उघडलाय, कुठे अजून थोडं थांबायला हवं, हे तिला दिसतं आणि लय त्याप्रमाणे चढते किंवा रेंगाळते. शक्ती सोडायचा क्षण गटातल्या कुणाला तरी जाणवावा लागतो. फोनला तो जाणवत नाही.

वाद्य नसलं तरी अडत नाही. टाळ्या, मांडीवरची थाप, डब्यात भरलेल्या सुक्या बियांचा खुळखुळा, एवढ्यावर काम होतं. त्याहून मोठं साधन म्हणजे जप. सॅन फ्रान्सिस्कोत ‘रिक्लेमिंग’ नावाची परंपरा उभी राहिली आणि तिथे १९७९ पासून साउइनच्या सुमारास मोठं सर्पिल नृत्य होतं. या परंपरेने आधुनिक पेगन विधींना जी देणगी दिली त्यात छोट्या, पुन्हापुन्हा म्हणायच्या जपांचा वाटा मोठा आहे. दोन-चार ओळींचा जप असतो, कुणालाही दुसऱ्या फेरीत येतो आणि वेगवेगळे जप एकमेकांवर बसवून म्हणता येतात. तुमच्या साउइनसाठी असा एक जप तू स्वतः रच. तुमच्या रोजच्या भाषेत, एका श्वासात मावेल इतका. ओळीचा शेवट ‘आ’ किंवा ‘ओ’सारख्या मोकळ्या स्वरावर असू दे, म्हणजे आवाज आपोआप उघडतो. जोडाक्षरं टाळ, लय वाढली की जीभ तिथेच अडखळते. आधी बोलल्यासारखा म्हणा, मग सुरात, मग चढत्या लयीत. शेवटी शब्द गळून पडून नुसता स्वर उरेल. तो थांबवायची खूण आधी ठरवून ठेवा: डफावर एक जोरकस थाप, हात वर, आणि मग कुणीही काही बोलायचं नाही. नंतर तळवे जमिनीला टेकवून बसा. त्या वेळी लगेच संगीत सुरू करायची घाई करू नकोस.

याला एक मोठा अपवाद आहे. डोळे मिटून आत प्रवास करायचा असेल, म्हणजे पूर्वजांना भेटणं किंवा मार्गदर्शक शोधणं अशी साधना असेल, तर एकटीने आडवं पडून ढोल वाजवता येत नाही. तिथे रेकॉर्डिंगच योग्य. मायकल हार्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास ही पद्धत पाश्चात्त्य साधकांमध्ये रुजवली. तिच्यात ढोल एकसुरी, न थांबता, सेकंदाला साधारण चार ते सात ठोके असा वाजतो आणि शेवटी ठोका बदलून परत येण्याची खूण होते. असं रेकॉर्डिंग घेताना ती परतीची खूण आहे ना, एवढं नक्की तपास. मागे लांडग्यांचं ओरडणं आणि विजांचा कडकडाट असलेली रेकॉर्डिंग बाजूला ठेव, ती तुला दुसऱ्या कुणीतरी कल्पिलेल्या जंगलात नेतात. आणि ढोल म्हणजे कळ दाबली की तंद्री, असंही समजू नकोस. फ्रेंच संगीत-अभ्यासक झिल्बेर रूजे यांनी जगभरातल्या तंद्रीच्या विधींवर १९८० मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. केवळ आवाजाच्या जोरावर कुणी तंद्रीत जात नाही, त्या आवाजाला त्या समाजात काय अर्थ आहे आणि ऐकणारा कशाची वाट बघतो आहे यावर सगळं ठरतं, असं त्यांनी त्यात मांडलं. तुझ्यासाठी याचा अर्थ इतकाच की तयारी आणि हेतू पक्का नसेल तर उत्तमातला उत्तम ढोलही नुसता ढोलच राहतो.

रेकॉर्ड केलेलं संगीत ही पळवाट नाही. विधीत बाहेरच्या आवाजाची मदत घेणं फार जुनं आहे. तेराव्या शतकात लिहिलेल्या एरिक द रेडच्या आइसलँडिक सागामध्ये, म्हणजे जुन्या गद्यकथेत, ग्रीनलँडमधला एक प्रसंग येतो. दुष्काळाचे दिवस आहेत. थोरब्योर्ग नावाची भविष्यवेत्ती उंच आसनावर बसली आहे, बायकांनी तिच्याभोवती कडं केलं आहे, पण विधीसाठी लागणारं गाणं कुणालाच येत नाही. ते येतं एकट्या गुड्रिडला, आइसलँडमध्ये तिच्या पालक आईने शिकवलेलं. ती ख्रिस्ती असते, आधी नको म्हणते, मग लोकांच्या भल्यासाठी तयार होते आणि इतकं सुंदर गाते की एरवी तोंड फिरवून बसलेले आत्मेही ऐकायला आले, असं भविष्यवेत्ती सांगते. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण त्यात गाणारी वेगळी आहे आणि पाहणारी वेगळी. भविष्य पाहणाऱ्या बाईला स्वतः गावं लागत नाही, तिला कुणीतरी उचलून धरावं लागतं. एकटीने साधना करताना ते काम रेकॉर्डिंगने केलं तर त्यात काही गैर नाही. पण पाच-सहा जिवंत गळे खोलीत असताना त्यांना गप्प बसवून फोनला गायला लावणं ही मात्र मोठी हानी आहे.

गाण्यात शब्द असतील तर त्यांचा अर्थ शोधल्याशिवाय ते विधीत आणू नकोस. हा नियम मी अजिबात सैल करणार नाही. कार्ल ऑर्फ यांच्या १९३७ मधल्या ‘कार्मिना बुराना’चं सुरुवातीचं ते प्रचंड समूहगान तू नक्की ऐकलं असशील. लॅटिन, भव्य, आणि त्यात चंद्रही येतो, म्हणून समृद्धीच्या विधीला ते लावावंसं वाटणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ती दैवाच्या चंचलपणाबद्दलची तक्रार आहे. दैव चंद्रासारखं वाढतं आणि घटतं, त्याने मला उघडं पाडलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्यासोबत रडावं, असा तिचा शेवट आहे. बरकत मागताना हे शब्द खोलीत घुमावेत का? तसंच ‘गूढ मठातलं गायन’ म्हणून मिळणारं ग्रेगोरियन गायन. ते अतिशय सुंदर असतं आणि त्यात ख्रिस्ती स्तोत्रं असतात. देवीला बोलावताना दुसऱ्या धर्माची प्रार्थना मागे चालू ठेवणं ना देवीच्या मानाचं, ना त्या गाणाऱ्यांच्या. मानवी आवाज हवाय पण शब्द नकोत, असं असेल तर ‘डेड कॅन डान्स’ या संगीतगटाच्या लिसा जेरार्ड यांचं गाणं ऐकून बघ. त्या बऱ्याचदा कोणत्याही भाषेत नसलेल्या, त्यांनीच घडवलेल्या ध्वनींत गातात, त्यामुळे आवाजाची ऊब मिळते आणि अर्थ तुझ्या हेतूसाठी मोकळा राहतो.

तुझ्या पहिल्या मैत्रिणीला वार्डरूना हवंय. नॉर्वेत २००३ मध्ये सुरू झालेला हा गट जुन्या पद्धतीची लायर (तंतुवाद्य), शिंगाची वाद्यं, चामड्याचे ढोल वापरतो आणि जुन्या नॉर्स भाषेचा, रून अक्षरांचा मनापासून अभ्यास करून नवं संगीत घडवतो. ‘नवं’ हा शब्द तिला मुद्दाम सांग. ख्रिस्ती धर्म येण्याआधीचं नॉर्स किंवा केल्टिक संगीत लिहून ठेवलेलं सापडत नाही. वाद्यं सापडली आहेत, सूर नाहीत. अस्सल जुने सूर कुठे आहेत? सीरियातल्या उगारितला सापडलेल्या, सुमारे इ.स.पू. १४०० च्या मातीच्या पाटीवर निक्काल या देवीचं स्तोत्र आहे, पण ते नेमकं कसं वाजायचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ग्रीसमधल्या डेल्फीला १८९३ मध्ये अपोलोची दगडात कोरलेली स्तोत्रं सापडली, स्वरखुणांसकट. मेसोमीडीस या दुसऱ्या शतकातल्या कवीची सूर्याची आणि नेमेसिस या देवीची स्तोत्रंही स्वरांसह उरली आहेत. ग्रीक देवतांची उपासना करणाऱ्याने ती जरूर ऐकावीत. बाकीच्यांनी प्राचीनतेच्या शिक्क्यामागे धावू नये. आजच्या माणसाने श्रद्धेने बांधलेली रचना विधीला कुठेही उणी पडत नाही, फक्त तिला दोन हजार वर्षांची म्हणू नये इतकंच.

५२८ हर्ट्झवाल्या मैत्रिणीशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. सॉल्फेज्जिओच्या (स्वरनामांच्या पद्धतीच्या) प्राचीन कंपनसंख्या म्हणून ५२८ सारखे जे आकडे फिरतात, ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधल्या आकड्यांशी खेळून काढलेले आहेत आणि १९९९ च्या एका पुस्तकातून पसरले. अकराव्या शतकातल्या ग्विडो या भिक्षूने स्वरांना नावं दिली ती गायकांना सूर लक्षात राहावेत म्हणून, आणि तीही ख्रिस्ती स्तोत्रातून घेतली. सेकंदाला अमुक कंपनं असा आकडा मोजायची सोय तेव्हा कुणाकडेच नव्हती. वाद्यं ४३२ हर्ट्झला लावणंच अस्सल, ही कथाही त्याच जातीची. वाद्यांच्या आजच्या पट्टीचा ४४० हर्ट्झ हा आकडा १९३९ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरला आणि १९५५ मध्ये प्रमाण झाला. त्याआधी गावागणिक, चर्चगणिक वाद्यांची पट्टी बदलत असे. तिला ते संगीत ऐकून शांत वाटत असेल तर ते शांत वाटणं खरंच आहे, आणि तिने ते घरून निघण्याआधी खुशाल ऐकावं. पण ते नसेल तर ऊर्जा जुळणार नाही, ही भीती गटात शिरू देऊ नकोस. अशा भीतीने विधी जितका बिघडतो तितका चुकीच्या सुराने बिघडत नाही. बायनॉरल बीट्सबद्दल कुणी विचारलं तर एवढं सांग: दोन कानांत किंचित वेगळे सूर गेले, समजा २०० आणि २०६ हर्ट्झ, तर डोक्यात सहाच्या गतीची स्पंदनं जाणवतात. हे हाइनरिश डोव्हे यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं. त्याने मन कुठे पोचतं याबद्दलचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. आणि हेडफोन नसतील तर तो परिणाम मिळतच नाही, त्यामुळे स्पीकरवर ते लावण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण सांगायलाच हवी. काही गाणी आपली नसतात. अमेरिकेतल्या आदिवासी समाजांची समारंभातली गाणी ‘शमॅनिक’ नावाच्या संग्रहांत सर्रास मिसळलेली असतात. लकोटा लोकांनी १९९३ मध्ये आपल्या धार्मिक परंपरांच्या अशा वापराविरुद्ध जाहीर घोषणापत्र काढलं होतं. उत्तर युरोपातल्या सामी लोकांचा योइक हा गानप्रकार पुष्कळदा एखाद्या विशिष्ट व्यक्तीचा असतो. त्यांच्या दृष्टीने तो त्या माणसाबद्दल नसतो, तो माणूसच असतो. चर्चने शतकानुशतकं त्यांचे ढोल जप्त केले, योइकला पाप ठरवलं, तरी ते टिकले. अशा गाण्याचा तुकडा कापून आपल्या मेणबत्तीमागे वाजवणं मला पटत नाही. ज्या संगीतकाराने ते स्वतः ऐकणाऱ्यांसाठी खुलं केलं आहे, त्याचं ऐक, विकत घे, दाद दे. वर्तुळात आणायचं की नाही, ते त्याच्या शब्दावर ठरव.

कोणत्या स्पेलला काय, याचा तक्ता मी देणार नाही. पण दिशा सांगते. वाढवायचं, बोलावायचं, रुजवायचं असेल, वाढत्या चंद्राचं काम असेल, तर चढत जाणारी लय आणि वर सरकणारे सूर. काढून टाकायचं, तोडायचं, सोडायचं असेल तर उलट: लय मोठ्याने सुरू होऊन मंदावत जावी आणि शेवटी थांबावी, म्हणजे गेलेली गोष्ट गेल्याचं कानालाही कळतं. प्रेमाच्या किंवा आरोग्याच्या कामात माझा कल नेहमी गुणगुणण्याकडे असतो. संरक्षणासाठी ठाम, न बदलणारा ठोका, भोवती फिरताना पावलांशी जुळणारा. गाठी मारायच्या स्पेलमध्ये प्रत्येक गाठीला एक ओळ म्हणावी, बाकी काही नको. आणि आवडतं म्हणून जुन्या नात्याच्या आठवणी चिकटलेलं गाणं नव्या कामात आणू नये, ते आपल्यासोबत जुनं सगळं घेऊन येतं.

आता तुमचं साउइन. तिघींचं म्हणणं त्या रात्री एकत्र बसवता येतं, कारण हा सण तसा आहे. बेल्टेन हा वसंतातला सण असता तर मी ढोल कमी करू दिले नसते. एडिनबरोच्या काल्टन टेकडीवर १९८८ पासून ३० एप्रिलच्या रात्री बेल्टेनचा अग्नी-उत्सव होतो, तिथे सगळी मिरवणूक ढोलांवरच चालते आणि ते तसंच हवं. साउइन मृतांचं आहे. सगळ्या जणी जमताहेत, वेदीवर गेलेल्या माणसांची छायाचित्रं मांडताहेत, तेव्हा वार्डरूनासारखं काही संथ लावा आणि पहिल्या मैत्रिणीलाच निवडू दे, शब्दांचा अर्थ शोधायच्या अटीवर. वर्तुळ आखण्याआधी ते बंद. आवाहन घंटीवर. नावं घेण्याच्या वेळी प्रत्येकीने आपल्या माणसाचं नाव उच्चारावं आणि बाकीच्यांनी एकच सूर धरावा. सूर जुळायलाच हवा असं नाही, पण श्वास वेगवेगळ्या वेळी घ्या म्हणजे तो तुटणार नाही. मग जप आणि डफ. त्यानंतरचं जेवण मृतांसोबत अबोल राहून करायची रीत पुष्कळ पेगन पाळतात. ते सगळं जेवण तुझ्या तिसऱ्या मैत्रिणीच्या हाती सोपव. शांतता राखणं हेही काम आहे आणि ती ते मनापासून करेल. ५२८ हर्ट्झवाली मैत्रीण डफ चांगला धरेल असं मला वाटतं, कारण आवाजाचा परिणाम होतो यावर तिचा विश्वास आहे.

आदल्या दिवशी एकदा सगळं चालवून बघा. रचना फोनमध्ये आधीच उतरवून ठेव, जाहिरात, ऑटोप्ले आणि शफल बंद, फोन एअरप्लेन मोडवर, स्पीकर जमिनीवर किंवा वर्तुळाबाहेर, वेदीवर नको. फोनची जबाबदारी एकीचीच, आणि ती आवाहन करणारी नसावी. जलद ढोलाने कुणाला घाबरल्यासारखं होतं का, हे आधी विचारून घे. तसं असेल तर तिला दाराजवळची जागा दे आणि मध्येच उठून जायची मुभा असल्याचं सर्वांसमोर सांग.

राहिला तुझा रात्रीचा प्रश्न. घर झोपलेलं असताना तुला मोठ्या आवाजाची गरजच नाही. ओठ मिटून गुणगुण, एक तळवा छातीच्या हाडावर ठेव, म्हणजे कंप हाताला जाणवतो आणि लक्ष तिथे टिकतं. जप कुजबुजत म्हण किंवा नुसते ओठ हलव. ठोका हवा असेल तर बोटांनी मांडीवर किंवा उशीवर धर. तयारीची ती ठरलेली रचना इअरफोनवर ऐकलीस तरी चालेल, पण मेणबत्ती पेटवायच्या आधी. ढोलाचं रेकॉर्डिंग लावून आतल्या प्रवासाला जायचं असेल तर सगळ्या ज्योती विझवून मगच आडवी हो आणि परत आल्यावर काहीतरी खा, पाणी पी, पाय जमिनीवर टेक. पेटती ज्योत समोर ठेवून स्पेल करत असशील तेव्हा एक कान मोकळा ठेव, घरातून कुणी हाक मारली तर ती ऐकू यायला हवी.